खोटं न्हाण

(महानंदाबाई लातूरच्या एका डाळ मिलमध्ये निवडणीचं काम करतात. मिलच्या मागच्या पत्र्याच्या शेडखाली, जेवणाच्या सुट्टीत, तीन-चार दुपारी बसून त्यांनी हे सांगितलं. बोली त्यांचीच ठेवली आहे.)

माझं माहेर देगलूरकडचं, पार हद्दीला, आमच्या गावच्या बाया बाजारात तेलुगू बोलायच्या, घरात मराठी बोलायच्या आनि भांडायचं असलं की दोन्ही एकदम. शाळा मी चौथीपर्यंत शिकले. मास्तर म्हनायचे महानंदाचं अक्षर चांगलं हाय, पन अक्षराला कोन इचारतंय, बाप म्हनला आता घरी बस, बसले. मग लगीन झालं आनि लातूरला आले. मालक ऑटो चालवतेत, मानूस गरीब हाय, तोंडातून शबूद निघत न्हाई. घरात सगळं चालायचं आत्याबाईचं, आत्याबाई म्हंजी माझी सासू. वाईट बाई न्हाई ती, तुमाला खोटं कशाला सांगू, मला तिनं लेकीवानीच ठेवलं, फकत तिला वाटायचं की जगात जे काय हाय ते तिला म्हाईत हाय. आनि मला बी तसंच वाटायचं, ही गोष्ट आधी सांगून ठेवते.

लेकरू मला एकच, शिवकन्या. सोमवारी झाली म्हनून आत्याबाईनंच नाव ठेवलं.

मिलमध्ये मी लागले तवा ती तीन वर्साची होती. काम निवडणीचं. तुरीची डाळ येती, त्यातनं खडा, काळा दाना, करपलेली डाळ, लाल पडलेली डाळ बाजूला काढायची. आता मशीन आली हाय, तिच्यात कॅमेरा असतोय म्हनं, ती रंग बघून दाना फुंकून टाकती, म्हनून बाया कमी केल्या. पन मशीनच्या नजरेतून बी काही सुटतंय की न्हाई, ते काढायला आमी सहा जनी ठेवल्या. सेठ पाहुन्यांना घेऊन येतेत तवा माझ्याकडं बोट दाखवतेत, म्हनतेत हिचा डोळा मशीनच्या वरचा हाय. मला लई बरं वाटायचं. आता कोनी तसं म्हनलं की मी खाली सुपात बघत राहते. का ते सांगते.

पोरगी सहावीत गेली त्या साली पावसाळ्यात तिच्या पायाला पुळ्या झाल्या. गुडघ्याखाली, नडगीवर, दोन्ही पायाला. आमच्या गल्लीत मागच्या बाजूला पानी साचतंय, पोरं त्यातूनच शाळेत जातेत, सगळ्याच पोरांना काही ना काही झालं होतं. ती खाजवायची, चिघळायच्या, पिवळं पानी यायचं, वर खपली धरायची. मी हळद-तेल लावलं, कडूलिंबाचा पाला उकळून पाय धुतले, मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली ती बी लावली. दवाखान्यात न्हाई नेलं. पुळ्यांसाठी कोन दवाखान्यात जातंय हो? पंधरा दिवसांत सुकल्या, डाग राहिले, आनि आमी इसरून गेलो.

मग दोन-तीन हप्ते गेले असतील. पोरीला अकरा पुरे होऊन बारावं चालू. सकाळी संडासातून बाहेर आली आनि दारातच उभी राहून म्हनली, माय, लघवी लाल होऊन राहिली. नळाला चार बाया हंडे लावून उभ्या. मी धावत गेले, तिचं तोंडच दाबलं, म्हनलं हळू बोल, हाव, हळू. घरात नेलं, निकर बघितली तर डाग होता, तपकिरी. काय सांगू तुमाला, भीती बी वाटली आनि आनंद बी झाला, दोन्ही एकदम. आत्याबाईला सांगितलं. तिनं मांडीवर थाप मारली, म्हनली पोरगी शहाणी झाली. आमच्या देगलूरकडं त्याला पेद्दमनिषी म्हनतेत, म्हंजी मोठं मानूस झाली. मोठं मानूस. बघा आता, तिला मोठं मानूस म्हनलो आनि त्याच दिवसापासून तिचं ऐकायचं बंद केलं.

ती म्हनली, माय, पाळी न्हाई ही, लघवीतच हाय. मी म्हनलं तसंच असतंय. ती म्हनली न्हाई, शाळेत मॅडमनं आमा पोरींना येगळं बसवून चित्र दाखवलं, लघवीची जागा येगळी आनि पाळीची येगळी. मी तिला गप केलं. म्हनलं मॅडमचं राहू दे शाळेत. आनि खरं सांगू का, लाज सोडून सांगते, मला स्वतःला ते म्हाईत नव्हतं. एक लेकरू जनलं, पन्नास डिलेव्हऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या, आनि मला वाटायचं जागा एकच. मला कोनी चित्र दाखवलं नव्हतं ना.

तर बसवलं पोरीला. आमच्यात बसवतेत, घरातला एक कोपरा, घोंगडी अंथरायची, ताट-तांब्या येगळा, नऊ दिवस बापाचं बी तोंड बघायचं न्हाई. तीळ, गूळ, खोबरं कुटून गोळे करायचे, सकाळ-संध्याकाळ खाऊ घालायचे. नवव्या दिवशी न्हाऊ घालून हिरवी साडी, हिरवा चुडा, ओटी. साडी मामानं आनायची. माझा भाऊ बसवराज, देगलूरला भुसार दुकानात कामाला हाय, त्याला फोन केला, तो फोनवरच रडायला लागला आनंदानं. मालकाला कळलं तर त्यांनी आपलं जेवायचं ताट उचललं आनि ओट्यावर जाऊन बसले, नऊ दिवस तिथंच जेवले.

आता ऐका. तिला कपडा दिला होता मी घ्यायला, जुन्या सुती साडीचा. तो मीच धुवायची. पहिल्या दिवशी बघितला, कोरा. दुसऱ्या दिवशी कोरा. तिसऱ्या दिवशी कडंला पिवळट-तपकिरी थेंब, बाकी कोरा. मी हातात धरून उभी राहिले मोरीत. बादलीतलं पानी नुसतं पानीच राहिलं. मला दिसलं, हाव, मला दिसलं होतं, डाळीतला एक लाल दाना ज्या डोळ्याला दिसतोय त्याला पांढरा कपडा दिसनार न्हाई का? आत्याबाईला म्हनलं, कपड्यावर काहीच न्हाई हो. ती म्हनली पहिल्या खेपंला असंच, कमी-जास्त होतंय. मी हाव म्हनलं आनि कपडा वाळत घातला.

चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी तिचे डोळे सुजलेले. मी म्हनलं झोप जास्त झाली, कोपऱ्यात बसून दुसरं काय करती. पन दुपारी बी गाल फुगलेले राहायला लागले. बाया बघायला यायच्या, ओटीचं नारळ घेऊन, त्या म्हनायच्या रूप आलं गं पोरीला, अंग भरलं. आनि मला बी तसंच दिसायचं. लेकीचं तोंड गोल झालं, गोरी दिसायला लागली, मी दोन्ही हात फिरवून बोटं मोडली. ती सूज होती. ती गोरी न्हाई, फिकी पडली होती. लघवीला बी कमी जायची, इचारलं तर म्हने लागतच न्हाई. मला बरंच वाटलं, नळावरच्या बायांसमोरून सारखं जायला नको.

आठव्या दिवशी कासारीन आली चुडा भरायला. तिच्या मापाच्या बांगड्या हातात जाईनात. कासारनीनं साबन लावला, दाबलं, पोरगी ओरडली. हाताला बोट रुतलं तर खड्डा पडत होता. कासारीन हासत म्हनली, बाई, पोरगी भरली की, एक नंबर मोठा लागतोय, आनि पेटीतनं मोठ्या काढून भरल्या. तो खड्डा मी बघितला. कासारनीनं बघितला. घरात सात-आठ बाया होत्या, सगळ्यांनी बघितला.

नवव्या दिवशी दुपारी बाया जमल्या, बसवराज साडी घेऊन आला, पोरीला न्हाऊ घातलं, साडी नेसवली. ती सकाळपासून म्हनून राहिली होती डोकं दुखतंय, लई दुखतंय. मी म्हनलं उपाशी हाय, ऊन बी हाय, लिंबू-साखर-मीठ घालून पानी दिलं, एक गिलास, मग अजून एक. मीठ जरा जास्तच टाकलं, तरतरी यावी म्हनून. पाटावर बसवली आनि तिनं तिथंच उलटी केली, नव्या साडीवर. बाया म्हनल्या नजर लागली. एक जन मीठ-मोहरी आनायला पळाली. मी समोर बसले तिच्या, पदरानं तोंड पुसायला, तिचं तोंड माझ्या हातात होतं, आनि ती म्हनली, माय, तू कुठं हायस.

मी म्हनलं इथंच तर हाय. ती म्हनली, तुझं तोंड दिसंना.

बसवराजनं पुढं होऊन तिच्या डोळ्यांसमोर हात हालवला. मग त्यानं मीठ-मोहरीवाल्या बाईला बाजूला सारलं, नजर-बिजर मागून काढा म्हनला, आनि पोरीला तसंच उचललं. मालक ओट्यावर बसलेले, त्यांनी नऊ दिवसांनी लेकीला बघितलं ते असं. उठून ऑटो चालू केली. डाळ बाजाराच्या चौकात गाड्या अडकलेल्या, तिथंच माझ्या मांडीवर तिला झटका आला, हात-पाय ताठ, डोळे वर, दात बसलेले. हात ऑटोच्या दांडीवर आपटायचा आनि बांगड्या फुटायच्या. मला अजून ऑटोत बसलं की तो आवाज येतोय, मालकाच्या ऑटोत मी आता बसतच न्हाई, मिलला पायी येते.

सरकारी मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं एक डॉक्टरीनबाई होती, वयानं माझ्या धाकट्या बहिनीएवढी. तिनं लहान पट्टा आनून दंडाला बांधला, बीपी बघितला, परत बघितला, आनि पळापळ सुरू झाली, सुई, सलाईनची नळी, ऑक्सिजन. मला इचारलं काय झालं. मी म्हनलं शहाणी झाली, आज नववा दिवस. तिनं पोरीला खालून बारीक नळी घातली, पिशवीत लघवी आली जरासी. कोऱ्या चहासारखी, बिनदुधाच्या. डॉक्टरीनबाईनं पिशवी उचलून उजेडात धरली आनि मला इचारलं, बाई, कपड्यावर किती जायचं?

काय सांगू. मग सांगितलं, कपडा कोरा होता.

मला वाटलं ती रागवंल. न्हाई रागवली. खाली बघितलं तिनं, मग म्हनली ही पाळी न्हाई, हिच्या किडन्या सुजल्यात, त्यातून रक्त लघवीत उतरतंय.

संध्याकाळी पोरगी जरा शांत झाल्यावर तिनं मला बोलावलं. पायावरचे डाग दाखवून इचारलं हे कशाचे. पुळ्यांचे, म्हनलं. म्हनली इथूनच आलं हे. पुळ्यात जंतू असतेत, त्यांच्याशी लढायला अंग काहीतरी तयार करतंय, पुळ्या सुकून जातेत पन ते लढनारं रक्तात फिरत राहतंय आनि दोन-तीन हप्त्यांनी किडनीत जाऊन अडकतंय, मग किडनी सुजती. मला अर्धं कळलं. तिनं इचारलं काम काय करता. डाळ मिलमध्ये, म्हनलं. मग ती म्हनली, तुमच्याकडं चाळनी असती ना? किडनीत बी बारीक बारीक चाळन्या हायत, लाखांनी. रक्त वर राहायचं, घान खाली जायची. सूज आली की चाळनी फाटती, रक्त खाली गळतंय, आनि बाकीची भोकं बुजली की पानी आनि मीठ अंगातच तुंबतंय, त्यानं तोंड सुजतंय, बीपी चढतोय, बीपी डोक्यात गेला की दिसत न्हाई, झटका येतोय. मग तिनं इचारलं आज काय प्यायला दिलं होतं. मी मिठाचं सांगितलं. दोन गिलास. तिनं ते कागदावर लिहून घेतलं. तिनं दोन शबूद सुनावले असते तर मला बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी शुद्धीवर आली, लघवीची नळी काढली. मला बघितलं, नीट बघितलं, दिसत होतं तिला. मला वाटलं आता म्हनंल मी सांगितलं होतं. ती म्हनली, माय, मला लघवी लागली. मी उठले, डॉक्टरीनबाईला हाका मारत वार्डभर पळाले, लघवी लागली, शिवकन्याला लघवी लागली. जिनं नळावर लेकीचं तोंड दाबलं होतं तीच मी.

सोळा दिवस ठेवलं. जेवन आळनी, पानी मापून, जेवढी लघवी तेवढ्याच हिशेबानं पानी. काचेच्या भांड्यावर रेघा असायच्या, मी रोज सकाळी उजेडात धरून बघायची. कोरा चहा, मग गुळाचं पानी, मग हळदीचं पानी, मग हळूहळू फिकं. तोंड उतरलं. सूज गेली तवा कळलं पोरगी किती बारीक झाली होती. मोठ्या बांगड्या ऑटोत फुटून दोनच राहिल्या होत्या, त्या आपोआप हातातून निघून खाटंवर पडल्या.

घरी आल्यावर दुसरीच तऱ्हा. आत्याबाई म्हनली बाहेर काही बोलू नको. न्हाण झालं म्हनून सगळ्यांना म्हाईत हाय तर तसंच राहू दे, किडनीची बिमारी म्हनलं की उद्या पोरीला करून कोन घेईल? मला पटलं न्हाई, पन बोलले बी न्हाई, तुमाला सांगितलं ना, मला वाटायचं तिला सगळं म्हाईत. तर चार महिने मी खोटं बोलले. नळावर बाया इचारायच्या पाळी टायमावर हाय का पोरीची, मी म्हनायची हाव, हाय. शिवकन्या ऐकायची. बारा वर्साच्या पोरीला कसं वाटत असंल सांगा, जे झालंच न्हाई ते तिच्या नावानं गल्लीभर झालेलं.

एक दिवस मिलमध्ये माझ्या शेजारी बसनारी सुलोचना सांगून राहिली, माझ्या पोरीला उन्हाळी लागली, लाल होतंय, सब्जा पाजते, धन्याचं पानी पाजते. हात चालू आमचे, सुपात डाळ. माझा हात थांबला. मी म्हनलं तिचं तोंड सुजतंय का सकाळी? ती म्हनली तुला काय म्हाईत? मग मी सांगितलं सगळं, सगळ्या जनींसमोर, कपड्याचं, बांगड्यांचं, मिठाच्या पान्याचं. रडत सांगितलं, सुपातली डाळ भिजली. तिनं दुसऱ्याच दिवशी पोरीला दवाखान्यात दाखवलं, तिला साधंच निघालं, गोळ्यांनी गेलं, देवाची दया. पन गल्लीत बातमी पोचली. आत्याबाई आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाई. नवव्या दिवशी शिवकन्याचं आळनी वरन तिनंच केलं, आनि वर आपल्या ताटात बी मीठ घेतलं न्हाई. तिच्याकडून एवढंच. माफी-बिफी न्हाई, आनि मला बी नको होती, अर्धी चूक माझीच होती, अर्ध्यापेक्षा जास्तच.

आता अडीच वर्सं झाली. सहा महिन्याला नांदेडला किडनीच्या डॉक्टरकडं नेते, एसटीनं सकाळी निघतो. लघवीतलं रक्त डोळ्याला दिसायचं बंद झालं, साल-दीड साल बारीक दिसायचं मशीनमधून, आता ते बी न्हाई. पन लघवीच्या तपासनीत प्रोटीन अजून एक प्लस दाखवतंय, म्हंजी चाळनी अजून थोडी गळती. डॉक्टर म्हनतेत बहुतेक लेकरं पूर्ण बरी होतेत, थोड्यांना मागं राहतंय, बघत राहायचं, मीठ कमी, बीपी तपासायचा. मी इचारते पुढं काय होईल. ते म्हनतेत आत्ता सांगता येत न्हाई. मी तो एक प्लस घेऊन परत येते दर खेपंला. एसटीत पोरगी खिडकीकडं झोपती आनि मी तिचं तोंड बघत बसते, गोल दिसतंय का, कालच्यापेक्षा गोल दिसतंय का. हा माझा जन्माचा धंदा झाला आता. रात-दिस बघायचं. आनि बघून बी भीती जात न्हाई.

आमच्या मोरीत एक काचेचा गिलास हाय, तिचा. रोज सकाळी ती त्यात लघवी धरती, मी उजेडात बघते, मग ती शाळेत जाती. गेल्या थंडीत एक दिवस सकाळी नळाला पानी आलेलं, बायांची रांग, आनि संडासाच्या दारातून ती ओरडली, माय, गिलास आन. जोरात. माझ्या हातातला हंडा खाली पडला. मला वाटलं परत आलं. हंडा तसाच टाकून मोरीतला गिलास घेऊन गेले. तिनं दार लावलं, गिलासात धरलं, उजेडाला धरलं, माझ्या डोळ्यांसमोर. फिकं, पान्यासारखं साफ. म्हनली नीट बघ. मी बघितलं. मग तिनं कपडा दाखवला, त्यावर लाल होतं. म्हनली, हे दुसरं हाय, माय.

मी तिथंच खाली बसले. ती म्हनली उठ, कोनाला बोलवू नको, साडी नको. मी म्हनलं हाव. बस, हाव म्हनलं, दुसरं काही न्हाई.

न्हाण केलं न्हाई परत. बसवराजला फोनवर सांगितलं तर तो बी म्हनला बरं झालं. फकत बांगड्या मी आनल्या, हिरव्या, चारच. कासारनीनं इचारलं कोनता नंबर. मी म्हनलं तिचाच, पहिला, लहान. पोरीच्या हातात साबन न लावता गेल्या.

तुमाला बी लेक हाय म्हनलात ना. सुखी राहू दे, मोठी होऊ दे, औक्ष लागू दे तिला. माझ्या लेकीला बी देव सगळं देवो, माझं वय बी तिलाच देवो. फकत डोळे माझे नको देऊ म्हनते मी त्याला. डोळे तिचे तिलाच राहू दे.

चला, घंटी झाली. डाळ वाट बघत असंल.